कवंदी, गोधडी आणि ‘प्रेरणा’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

कवंदी म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका जुन्या कपड्यांची हाताने शिवतात ती गोधडी. तिच्यावरच्या आमच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. दोन ओळींत आभार मानून ती मिटवण्यासारखी नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. जुनेरं आणि चिंध्या जोडून थंडी भागवायची, यात ‘प्रेरणा’ कसली? ते शहरातल्या लोकांनी चिकटवलेलं लेबल आहे. टाका म्हणाल तर नुसता धावदोरा, शाळेत शिवणाच्या तासाला शिकवतात तो. मशीनवर हेच काम एका दिवसात होतं आणि जास्त टिकतं. शिवाय आपल्याकडे गोधडी आहे, वाकळ आहे. मग सिद्दींच्या हल्याळ-येल्लापूरला जायचं कशाला आणि त्यात आफ्रिका आणायची कशाला? शेवटी तुम्ही एक कामाचा प्रश्नही विचारलाय, की घरातल्या सुती साड्यांची कवंदी करायची झाली तर काय सांभाळायचं. त्याचं उत्तर शेवटी आहे, पण तिथे पोचण्याआधी मधलं वाचावं लागेल.

‘प्रेरणा’ म्हटलं की आपण चित्र शोधतो. मोर, वेल, देऊळ, कुठलीतरी गोष्ट. बंगालच्या नक्षी कांथ्यात, म्हणजे तिकडच्या भरतकाम केलेल्या गोधडीत, ते सापडतंही. तिथे बहुधा मधोमध कमळ, चार कोपऱ्यांत चार झाडं किंवा कोयऱ्या, आणि मग उरलेल्या जागेत हत्ती, पालखी, कंगवा, काजळाची डबी असं काहीही. थर आधी एकत्र टाचलेले असतात, आकृती कापडावर आखलेली असते किंवा बाई ती थेट सुईने काढते. म्हणजे आधी केंद्र ठरतं, आणि मग बाकीचं त्याच्याभोवती. कांथा बघून कवंदीकडे वळलं तर कवंदी रिकामी वाटणारच. तिच्यात आखलेलं काही नसतं, आणि केंद्र तर सगळ्यात शेवटी येतं.

कवंदीचा क्रम असा. खाली अस्तर म्हणून एक सुती साडी, रुंदीला जोड देऊन. त्यावर भरणाचे एक-दोन थर, अस्तरापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर लहान. अस्तराची कड आत दुमडायची. एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवायचा, त्याच्या बाहेरच्या दोन बाजू दुमडलेल्या. कडेला लागून दुसरा तुकडा, मग तिसरा, आणि कडेकडेने धावदोरा सुरू. कोपरा आला की सगळं बाड नव्वद अंशांत फिरवायचं आणि पुढे जायचं. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत सव्वा-दीड सेंटीमीटरवर दुसरा. तुकड्याची केंद्राकडची बाजू कच्चीच ठेवतात. टाके तिच्याजवळ आले की पुढचा तुकडा तिच्यावर दुमडून बसवायचा किंवा तिच्याखाली सरकवायचा. शेवटी मध्ये उरलेल्या खिडकीवर चारही बाजू दुमडलेला एक तुकडा बसतो आणि काम संपतं.

यातलं ‘वर बसवायचा की खाली सरकवायचा’ हे जरा जवळून बघा. गडद तुकडा फिक्या, विरलेल्या कापडाखाली गेला की त्याची पट्टी वरून दिसते, काही वेळा धुण्यात रंगही उतरतो. म्हणून फिकं खाली, गडद वर. पण गडद तुकड्याला जाड काठ असेल तर तो दुमडल्यावर चार पदर होतात आणि सुई अडते. मग काठ न दुमडता तसाच खाली घालायचा आणि वर फिक्याची दुमड घ्यायची, पट्टी दिसली तर दिसली. किंवा काठाचीच सरळ, न उसवणारी कड वर उघडी ठेवायची. तिला दुमड लागतच नाही. मग तिथे एक रंगीत रेघ येते. अशी रेघ एका बाजूला आली की समोरच्या बाजूला तिचा जोड द्यायचा की नाही, हे बाई पुढच्या फेऱ्यात ठरवते, कारण तोवर ते कापड शिल्लक आहे का हे कळलेलं असतं. असे निर्णय एका कवंदीत शेकड्यांनी होतात. आम्ही लेखात ‘प्रेरणा’ म्हटलं ते याला. शब्द खटकत असेल तर दुसरा वापरा, हरकत नाही; निर्णय मात्र झालेले असतात आणि ते कापडावर वाचता येतात.

आता हिशेब. दीड मीटर बाय दोन मीटरची कवंदी आणि फेऱ्यांमधलं अंतर १.५ सेंटीमीटर धरलं, तर प्रत्येक फेऱ्यात रुंदी ३ सेंटीमीटरने कमी होते, म्हणजे सुमारे ५० फेरे. पहिला फेरा ७ मीटरचा. सगळे मिळून २०० मीटर शिवण. टाका आणि मधली मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर पकडलं तर २० हजार टाके. जाडीत जाणारा दोरा आणि टोकांची नासाडी धरून एकेरी दोरा अडीचशे मीटरच्या आसपास लागतो. आणि रुंदी संपते तेव्हा लांबी संपलेली नसते! मध्ये अर्ध्या मीटरची उभी चीर उरते. कवंदीच्या पोटात जी लांबट पट्टी दिसते ती कुणाच्या मनातली ‘रचना’ असेलच असं नाही, बऱ्याचदा ते आयताचं गणित असतं. काहीजणी ती मोडायला शेवटच्या फेऱ्यांत मुद्दाम चौकोन टाकतात, काहीजणी तीच रंगाने उठवतात.

दोन गोष्टी मात्र ना गणितातून येतात ना थंडीतून. चार कोपऱ्यांवरची ‘फुलं’: रंगीत चौकोनी तुकडे दोनदा दुमडून केलेले त्रिकोण, एकावर एक ठेवून कोपऱ्याच्या घडीत अडकवलेले. त्यांनी ऊब येत नाही. धुताना ती आधी झिजतात, जाडीमुळे शिवायला त्रासही देतात. तरी ती नसतील तर कवंदी उघडी, अपुरी मानतात. दुसरं, मोठ्या तुकड्यावर वेगळ्या रंगाचा टिकलीएवढा तुकडा शिवणं. खाली भोक नसताना ठिगळ लावणं ही गरज कशी म्हणायची? ख्रिस्ती घरांतल्या काही कवंद्यांवर क्रूस येतो, मुसलमान घरांतल्या काहींवर चंद्रकोर. थंडी तिघांना सारखीच, कारण सिद्दींमध्ये हिंदूही आहेत.

गरिबी नाकारायचं कारणच नाही. पण गरज आणि निवड एकमेकींना हुसकावून लावत नाहीत. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंडच्या बायकांच्या गोधड्यांवर हाच वाद झालाय. तिथे मिझुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. घरात दुसरं कापड नव्हतं म्हणून केली असं म्हणता येईल. पण त्याच माणसाचे कपडे, त्याच कारणासाठी, हे ठरवूनच होतं. त्याच परिसरात १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले जाऊ लागले आणि उरलेली कात्रणं घरोघर गेली. कॉर्डरॉय जाड, नीट दुमडत नाही, बारीक तुकड्यांत शिवणं जिकिरीचं. म्हणून त्या काळातल्या तिथल्या गोधड्यांत मोठे, ठसठशीत चौकोन दिसतात, आणि धारी उभ्या-आडव्या फिरवून एकाच रंगाच्या दोन छटा काढलेल्या दिसतात. कापड आलं उरलंसुरलं म्हणून, छटा काढल्या त्या बायकांनी.

मशीनचा मुद्दा. नव्या, घट्ट विणीच्या कापडावर मशीनची टीप धावदोऱ्यापेक्षा मजबूत, यात वादच नाही. पण इथे कापड विरलेलं असतं. मशीनची सुई दोन-अडीच मिलिमीटरवर एक भोक पाडत जाते आणि जुन्या सुतात ती ओळ पोस्टाच्या तिकिटांच्या भोकांसारखी होते: ताण आला की नेमकं तिथेच फाटतं. दुसरं, घरगुती मशीनचे खालचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचं कापड अडवतो. चार थर असले की दोन मीटरच्या ओळीअखेर वरचा थर सहज दोन-तीन सेंटीमीटर पुढे साचतो. वॉकिंग फूट (वरचं कापडही सोबत पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावून हे बरंच कमी होतं, पण सुटे तुकडे जागच्या जागी दुमडत फेरे घालायचे तर दर हातभर अंतरावर थांबावंच लागणार. ‘एका दिवसात’ होतं ते वरचं कापड अखंड असेल तेव्हा.

आणि दोऱ्याबद्दल, कारण टिकण्याचा खरा घात इथे होतो. पॉलिस्टरचा दोरा सुतापेक्षा चिवट. जुन्या सुती साडीवर तो वापरला तर ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. सुती दोरा आधी तुटतो, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो.

गोधडी आणि कवंदी हेच का? बरंचसं हो. जुनी साडी, धावदोरा, कडेकडून आत येणारे चौकोनी फेरे, हे आपल्या देशावरच्या कितीतरी गोधड्यांत आहे; कोल्हापूर-बेळगावकडच्या वाकळेतही आहे. उत्तर कर्नाटकातली कौदी त्यांचीच बहीण. फरक बांधणीत आहे. गोधडीत साधारणपणे वरचा पदर आधी तयार असतो, अखंड साडी किंवा आधी जोडून घेतलेली ठिगळं, आणि मग थर टाचून टाके पडतात. कवंदीत तुकडा बसवणारा टाका आणि थर धरणारा टाका एकच. त्यामुळे वरचा नक्षा आधी मांडून बघता येत नाही. गोधडी शिवणाऱ्या कुणालाही कवंदीची पहिली अडचण हीच येते.

आफ्रिकेबद्दल तुमची शंका रास्त आहे, आणि आम्हीही टाक्यावरून वंशावळ काढत नाही. उत्तर कन्नडातल्या सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणलेले, पुष्कळसे पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून. तिथून सुटलेले सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात वसले. बोली कोंकणीच्या अंगाने जाणारी, तिच्यात कन्नड-मराठी मिसळलेली. (जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी गल्लत करू नका, तो सत्ताधाऱ्यांचा निराळा इतिहास आहे.) २००४ मध्ये अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या पुढाकाराने तिथे गोधडी शिवणाऱ्या बायकांचा सहकारी गट उभा राहिला आणि या कामाकडे बाहेरचं लक्ष गेलं. ड्रूअल आफ्रिकी कलेचे अभ्यासक, त्यामुळे रंगांच्या झटापटीत त्यांना आफ्रिकी नातं दिसणं साहजिक. पण तंत्र आसपासच्या सगळ्या जातीजमातींचं आहे, आणि दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीतून दुसरी आली असं होत नाही. हल्याळ-येल्लापूरला जायचं ते वंश सिद्ध करायला नको. फुलं आणि टिकल्या बघायला जा.

आता तुमच्या साड्या. पहिल्याच झटक्यात पलंगाएवढी घेऊ नका. ६० बाय ६० सेंटीमीटरची करा: २० फेरे, २४ मीटर शिवण, दोरा तीसेक मीटर. साडी उजेडासमोर धरा. पदर आणि काठ बहुधा धड असतात, मधला भाग विरलेला असतो. विरलेलं भरणात, धड असेल ते वर. कापड बोटांत ताणल्यावर चरकन फाटत असेल तर ते भरणातही नको, कारण टाके त्यातूनही जातात. नवं सुती कापड घालणार असाल तर आधी गरम पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटेल आणि शेजारच्या जुन्या कापडाला चुण्या पडतील. सिंथेटिक साडी टाळाच. ती घसरते, दुमड धरत नाही, आणि कड सुटत राहते. तुकडे विणीच्या सरळ धाग्यावर कापा. उरेब, म्हणजे तिरपा कापलेला तुकडा हातात ओढला जातो आणि त्याचं पोट सुटतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पाठीमागे. वरचे तुकडे तुम्ही दर वेळी सपाट करून ठेवता, पण अस्तर आणि भरण दिसत नाही. दोरा जरा जास्त ओढला की फेऱ्यागणिक त्यांचा झोळ केंद्राकडे ढकलला जातो, आणि शेवटी वर सगळं सपाट आणि मागे मधोमध गाठोडं. म्हणून आधी अस्तर-भरणाला मधून अधिक चिन्हासारखे दोन लांब कच्चे टाके घाला. दर तीन-चार फेऱ्यांनी उलटून बघा आणि दोरा बोटाने मागे सरकवून सैल करा. तिथेच सुरकुती दिसली तर तो फेरा उसवा, पुढे ‘जमवून घेऊ’ म्हणू नका. पुढे जागा कमीच होत जाते. दोरा दीड-दोन फुटांपेक्षा लांब घेऊ नका, पिळतो. दुमडीवर दुमड किमान दीड सेंटीमीटर चढवा; सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर दोन-तीन धुण्यांत कच्ची कड बाहेर येते. चार-पाच पातळ थरांच्या पुढे जाऊ नका. जाडीत टाका तिरपा जातो, वर दिसतो आणि खाली अस्तराला लागतच नाही.

फुलं कोपऱ्याच्या घडीत पहिल्या फेऱ्याआधीच अडकवा. आठ-दहा सेंटीमीटरचे चौकोन पुरतात, एका कोपऱ्यावर तीनपेक्षा जास्त नकोत. मागाहून शिवलेली फुलं पहिल्या धुण्यातच लोंबतात.