सहा वर्षे तारखा घेतल्यानंतर मी जमिनीचे सर्च लिहायला बसले

गेल्या आठवड्यात एका परिचित बाईंनी आपल्या मुलाला माझ्याकडे पाठवले. २०२१ साली एलएलबी झालेला, सनद (वकिलीचा परवाना) घेतलेला आणि तेव्हापासून जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे बसणारा हा मुलगा. त्याने विचारले, "मॅडम, आता कोर्ट सोडले तर इतकी वर्षे फुकट गेली असे होईल का?" त्याच्याशी जे बोलले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हाच प्रश्न सहा वर्षे माझ्या मनात होता आणि तो मोठ्याने विचारण्याची सोय आमच्या बार रूममध्ये नव्हती.

मी २०१३ साली सनद घेतली. घरात आधी कोणी वकील नव्हते. वडील सहकारी साखर कारखान्यात टाइमकीपर होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, दिवाणी कामात नाव असलेल्या एका सरांकडे मी ज्युनिअर म्हणून लागले. पहिले वर्ष फार आनंदात गेले. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) पाहणे, नकलांचे अर्ज करणे, निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर म्हणणे (लेखी उत्तर) तयार करणे, रोजनामा (कोर्टाच्या कामकाजाची नोंद) वाचून पुढची तारीख डायरीत लिहिणे, हे सगळे मी मनापासून शिकले. अडचण अशी झाली की सहाव्या वर्षीही मी तेच करत होते. पुकारा झाला की उभे राहायचे, सर दुसऱ्या कोर्टात आहेत असे सांगायचे आणि मुदतीचा अर्ज द्यायचा. त्या सहा वर्षांत मी स्वतः घेतलेले उलटतपास चार. पक्षकार सरांचे, फी सरांची, आणि मला महिन्याला मिळणारी रक्कम दोन हजारांपासून सुरू होऊन पाच हजारांवर थांबलेली. मध्यंतरी जेएमएफसीची, म्हणजे दिवाणी न्यायाधीश आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा तीन वेळा दिली. एकदा पूर्वपरीक्षेतच थांबले, दोनदा मुख्य परीक्षेत.

सरांनी मला कधी वाईट वागवले नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांच्या सिनिअरांनी त्यांना जसे ठेवले तसेच त्यांनी मला ठेवले. पण सनद घेतल्यावर काही वर्षे जवळजवळ विनावेतन काढावीत, ही रीत ज्या काळात रुजली तेव्हा वकिलीत येणाऱ्या बहुतेकांच्या मागे शेती, वाडा किंवा वडिलांचे ऑफिस होते. ज्याच्या घरी वडिलांचीच पाटी आहे तो दहा वर्षे थांबू शकतो आणि अकराव्या वर्षी त्याचे नाव होते. ज्याला खोलीचे भाडे द्यायचे आहे त्याला तेवढे थांबता येत नाही, आणि तो मागे पडला की त्याच्यात चिकाटी नव्हती असा निकाल दिला जातो. हा निकाल मला मान्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ते शिफारसवजा आहे, बंधनकारक नाही, आणि आमच्याकडच्या ज्या ज्युनिअरांशी माझे बोलणे होते त्यांपैकी कोणालाही त्याप्रमाणे पैसे मिळत नाहीत.

माझी दिशा बदलली ती २०१९ मध्ये, आणि तीही ठरवून नव्हे. सरांकडे एका बँकेच्या पॅनेलचे काम होते आणि कर्जप्रकरणांतले सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचे शोध अहवाल, लिहायला कोणी तयार नसे, म्हणून ते माझ्याकडे आले. गेल्या तीस वर्षांचा शोध घ्यायचा, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) पाहायचे, सातबारा आणि फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) जुळवायचे, आणि मालकी निर्वेध आहे की नाही याचा दाखला द्यायचा. कोर्टात उभे राहणाऱ्यांच्या लेखी हे कारकुनी काम आहे. मला मात्र त्यात पहिल्यांदा जाणवले की सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा विचार माझा आहे आणि खाली सही माझी आहे.

एक प्रकरण सांगते. साठ गुंठे जमिनीचा व्यवहार होता, घेणाऱ्या कुटुंबाने शहरातले घर विकून पैसे उभे केले होते आणि चालू सातबारा अगदी स्वच्छ होता. मी फेरफार मागे मागे पाहत गेले. मूळ मालक १९६८ साली वारल्यावर झालेल्या वारस नोंदीत मुलांची नावे कब्जेदार म्हणून आणि मुलीचे नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात होते. पुढे हस्तलिखित सातबाऱ्याच्या पुनर्लेखनात ते नाव उतरवायचेच राहिले. कोणतेही हक्कसोडपत्र नाही, कोणताही आदेश नाही, नाव फक्त गळले. त्या बाई मिरजेला हयात होत्या, वय ऐंशीच्या घरात. नोंद गळाल्याने हक्क जात नाही. वडिलांच्या वारस म्हणून त्यांचा हिस्सा कायम होता. व्यवहार थांबला, भावांच्या मुलांना समजावून सांगितले, बाईंना त्यांच्या हिश्श्याची रक्कम मिळाली आणि खरेदीखतावर त्यांनी 'मान्यता देणार', म्हणजे संमती देणारी व्यक्ती, म्हणून सही केली. सगळे चार महिन्यांत झाले. त्याच वेळी आमच्या ऑफिसात एका बहिणीचा अगदी असाच वाटपाचा दावा होता. मी रुजू झाले तेव्हा दाखल झालेला तो दावा सहा वर्षांनंतर पुराव्याच्या टप्प्यावर होता, आणि त्यातल्या निम्म्या तारखा मीच घेतलेल्या होत्या.

त्यानंतर मी जमिनीच्या कागदपत्रांकडे पूर्णपणे वळले. महसूल अधिनियम १९६६ आणि कूळकायदा १९४८ कॉलेजात परीक्षेपुरते वाचलेले होते, ते आता कामासाठी वाचले. कूळकायद्याने कुळांना मालक मानले त्या १ एप्रिल १९५७ या एका तारखेने आमच्या भागातल्या किती जमिनींची मालकी फिरली, कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरूनही कलम ३२ म चे खरेदी प्रमाणपत्र घ्यायचे किती कुळांकडून राहून गेले, अशा जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या कलम ४३ च्या शर्तीकडे दुर्लक्ष करून झालेली खरेदी पुढे कशी अडकते, हे तलाठी कार्यालयातल्या जुन्या नोंदी पाहिल्याशिवाय कळत नाही. मोडी लिपीचा वर्ग केला, कारण जुने दस्त वाचून घेण्यासाठी दर वेळी दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागत होते. नोंदणी विभागाचे ई-सर्च आणि ऑनलाइन सातबारा आल्यावर या कामाला वकील लागणार नाही असे अनेकांनी सांगितले. पण संगणकावर आहे ती नोंद दिसते, मिरजेच्या बाईंसारखी गळलेली दिसत नाही.

कोर्टातल्या सहकाऱ्यांनी मी वकिली सोडली असे मानले. हे मला बरेच दिवस लागत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली 'बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी' या प्रकरणात स्पष्ट केले आहे की कायद्याच्या व्यवसायात न्यायालयात उभे राहण्याबरोबर मत देणे आणि दस्तांचे मसुदे करणे हेही येते. त्यामुळे माझी सनद चालू आहे आणि मी वकीलच आहे. हा फरक त्या मुलालाही नीट समजावला. त्याने बँकेत विधी अधिकारी म्हणून पगारी नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागेल. त्यात कमीपणा काही नाही, पण माहीत असलेले बरे. फौजदारी कामाची आवड असेल तर विधी सेवा प्राधिकरणाची लोकअभिरक्षक योजना (वकील न परवडणाऱ्या आरोपींना मोफत बचाव) आहे, तिथे मासिक मानधन मिळते, खासगी प्रकरणे घेता येत नाहीत, आणि उलटतपास मात्र भरपूर मिळतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभव हवा, हे तत्त्व मला पटते. पण ती तीन वर्षे कोण काढू शकेल हा प्रश्न विद्यावेतनाशी बांधलेला आहे, आणि तो सोडवला नाही तर गरीब घरातली हुशार मुले, त्यातही मुली, त्या परीक्षेपर्यंत पोहोचणारच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यावर मला अनेकांनी परत येण्याचा आग्रह केला. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु बेंच जवळ आल्याने ज्युनिअरच्या हातात महिन्याला काय पडते ते बदलत नाही.

त्या मुलाला मी कोर्ट सोड असे सांगितले नाही. गेल्या बारा महिन्यांत त्याने स्वतः युक्तिवाद किती केले, साक्षीदार किती तपासले, त्याच्या एकट्याच्या नावावर वकीलपत्रे किती आली आणि हातात पैसे किती पडले, हे चार आकडे डायरी पाहून लिहून आणायला सांगितले. सरांशी बोलण्यापूर्वी ते त्याच्यासमोर असावेत. मी स्वतः हे आकडे सहाव्या वर्षी मांडले. तिसऱ्या वर्षी मांडायला हवे होते.

काल तो आकडे घेऊन आला. युक्तिवाद दोन, साक्षीदार एकही नाही. त्याला फौजदारी कामच करायचे आहे, त्यामुळे माझ्या कामाचा त्याला उपयोग नाही. पुढच्या सोमवारी तो लोकअभिरक्षक कार्यालयात चौकशीला जाणार आहे. मला मात्र सर्चच्या कामासाठी एक ज्युनिअर हवी किंवा हवा आहे. महिन्याला १५,००० रुपये देईन, आणि जो अहवाल ज्याने लिहिला त्यावर माझ्याबरोबर त्याचीही सही असेल. मोडी येत नसेल तर शिकवेन.