‘सदृश’ कशासाठी?

गावच्या वाचनालयाचे पत्रे बदलायचे होते म्हणून जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे आठवडाभर आमच्या ओसरीत होते. कडा वाळवीने खाल्लेल्या, आतली पानं शाबूत. रोज रात्री चाळत बसलो आणि एकाच शब्दापाशी अडकलो. दुष्काळ.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या अंकांत तो बेधडक येतो. मथळ्यात दुष्काळ, खडी फोडणाऱ्या बायांच्या फोटोखाली दुष्काळ, मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (पौष्टिक पिठाचा खाऊ) वाटल्याच्या बातमीतही दुष्काळ. खरं तर १९६३ मध्येच महाराष्ट्राने कायदा करून आपल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढला होता, त्या जागी ‘टंचाई’ आणली. कायद्याने जो शब्द पुसला, तो ही माणसं नऊ वर्षांनी ठळक टाइपात छापत होती! मला त्यांचा फार अभिमान वाटला. पुढच्या अंकांत मात्र तोच शब्द अंग चोरू लागतो. आधी टंचाई, मग टंचाईसदृश, मग दुष्काळसदृश.

आणि फोटो सगळीकडे एकच, भेगाळलेली जमीन. अहो, आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीला दर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भरघोस पिकलेल्या वर्षीसुद्धा. आमचं बुडणं त्या फोटोत येत नाही. आमचं वावर हिरवंगार असतं. कपाशी कमरेला लागते आणि खालची बोंडं काळी पडून सडलेली असतात. एका वर्षी पंचनाम्याला आलेल्या माणसाला मी सोयाबीनची शेंग फोडून दाखवली. आत दाण्याला कोंब. त्याने बांधावरूनच फोटो काढला अन् म्हणाला, “हिरवं तं दिसते ना भाऊ.”

आई याला ओला दुष्काळ म्हणते. या गठ्ठ्यांत त्याला ‘नापिकी’ म्हटलंय, आतल्या पानावर, चार ओळींत. सरकारी नियमात ओला दुष्काळ नाहीच. तिथे अतिवृष्टी आहे, म्हणजे महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटर. रोज चाळीस-चाळीस असा आठ दिवस पडला तर पीक वाचतं का? ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती धरायला २०२३ साल उजाडावं लागलं.

कोरड्याचंही तेच. मे २०१६ मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलेलं असताना सरकारने ‘दुष्काळसदृश’ऐवजी ‘दुष्काळ’ म्हणायचं मान्य केलं. अन् ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा १८० तालुके आधी ‘सदृश’ झाले. आठवड्याने दुष्काळ जाहीर झाला तो १५१ तालुक्यांत. उरलेल्या तालुक्यांतल्या कास्तकाराने त्या आठ दिवसांत काय समजायचं होतं?

तालुक्याहून बातम्या पाठवणारे माझे चार-पाच मित्र ही पोस्ट वाचतील. त्यांना हात जोडून विनंती आहे. परिपत्रकात काहीही असो, तुम्ही बातमीत ‘सदृश’ लिहू नका. वावरात उतरा, शेंग फोडा, मग लिहा. माझ्या शेंगेतला कोंब सदृश नव्हता, चांगला अर्ध्या बोटाएवढा होता.