वाळवंट काय भरदुपारी दाखवतात?

वाळवंटाच्या बससहलीचं वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढं साधं कसं कळत नाही? निवांत नाश्ता, दहाला निघायचं आणि वाळूच्या टेकड्यांपाशी पोचायचं ऐन बाराला! सूर्य डोक्यावर असताना वाळूवर सावलीच पडत नाही. टेकडीची धार, वाऱ्याने उमटवलेल्या लाटा, सगळं सपाट, पांढरंफटक. सूर्योदयानंतरच्या नाहीतर सूर्यास्ताआधीच्या तासाभरात न्या ना, तिरप्या उन्हात एकेक लाट उठून दिसते.

त्यात गाइड. "डावीकडे बघा" म्हणेपर्यंत खडक मागे पडलेला! ताशी 80 किलोमीटरने बस सेकंदाला 22 मीटर पळते हो. किलोमीटरभर आधी सांगा, लोकांना पाऊण मिनिट तरी मिळेल.

आणि त्या काचा! निसर्ग दाखवायचे पैसे घेता, मग थांब्यावर बाहेरून पाणी मारून रबरी पट्टीने ओढून घ्यायला काय होतं? कोरडं फडकं मात्र फिरवू नका, वाळूच्या कणांनी काचेवर कायमचे ओरखडे पडतात. उन्हाच्या बाजूचे प्रवासी बिचारे पडदे ओढून बसतात, म्हणजे त्यांना दिसतंय काय? मधल्या थांब्यानंतर दोन्ही बाजूंच्या जागांची अदलाबदल करा. एवढंही कोणी करत नाही.