"तुम्ही स्वतः डॉक्टर नाही" : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत कामावर जखमी झालेल्या कामगारांवर नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या, औषध लिहिणाऱ्या नर्स) आणि पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासणारे) यांनी उपचार करण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांनी लिहिलंय, "तुम्ही स्वतः डॉक्टर नाही, म्हणूनच नर्सला डॉक्टरच्या खुर्चीत बसवायची एवढी घाई. गंभीर इजा नजरेतून सुटली तर जबाबदार कोण? विमा कंपन्यांना स्वस्तात पडावं म्हणून हे चाललंय. आणि पीए स्वतंत्र नसतात, जरा वाचून लिहा."

शेवटचं मान्य. वॉशिंग्टन राज्यात एनपी स्वतःची प्रॅक्टिस करू शकते, पीएला डॉक्टरांशी लेखी करार लागतो. लेखात मी दोघांना एकाच दावणीला बांधलं होतं, ते दुरुस्त केलंय. "जरा वाचून" नसतं लिहिलंत तरी केलं असतं.

पण ते पहिलं वाक्य. नाही, मी डॉक्टर नाही. फिजिओ आहे, 2002 पासून वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात काम करतेय, सफरचंदाच्या बागांमध्ये शिडीवरून पडलेल्या माणसांचे खांदे आणि कंबरा रोज माझ्याकडे येतात. तेव्हा आमच्या क्लिनिकमध्ये पेशंट तपासायची एनपी, औषध लिहायची एनपी, माझ्याकडे पाठवायची एनपी, आणि फॉर्मवर सही मात्र डॉक्टरांची, जे आठवड्यातून एकदाच यायचे. कामावर इजा झाली की पहिले तीन दिवस भरपाई नसते, पुढे पगाराच्या 60 ते 75 टक्के मिळते, पण त्यासाठी हा माणूस कामावर जाऊ शकत नाही असं कोणीतरी लिहून द्यावं लागतं. सही अडली की घरभाडं अडलं. 2004 च्या कायद्याने एनपीला ती सही करू दिली, आधी फक्त तीन वर्षं बघू म्हणून, मग युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी तपासलं तर खर्च वाढलेला दिसला नाही आणि 2007 ला तो कायम झाला. ह्यात खुर्ची कुठे आली? उपचार ती आधीही करतच होती ना!

कॅलिफोर्नियाचं बघा. तिथे एनपी किंवा पीए कामावरून जास्तीत जास्त तीन दिवस सुट्टी देऊ शकतात, आणि तिथेही साधारण पहिल्या तीन दिवसांचे पैसे मिळतच नाहीत. म्हणजे जिथे पैसे सुरू होतात बरोब्बर तिथेच त्यांचा अधिकार संपतो. हे मला पटत नाही, आणि ते पटत नाही म्हणायला एमबीबीएस लागत नाही.

आणि एक सांगते, खरं तर सांगणार नव्हते. माझे बाबा सातपूरला प्रेस शॉपमध्ये होते, दोन बोटं गेली. रोज ड्रेसिंग एक सिस्टर करायच्या, जखम कुठे ओली आहे, कुठे भरतेय हे त्यांना तोंडपाठ. पण रजेच्या कागदावर सही डॉक्टरांचीच हवी आणि डॉक्टर गावाला गेलेले. बाबा हात गळ्यात बांधून तीन वेळा बसने जाऊन परत आले, तो पगार कापला गेला तो गेलाच. त्या सिस्टरना कोणी विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात लिहून दिलं असतं. तेव्हा माझी घाई कुठून आली असं तुम्ही विचारलं असतंत तर मी नीट सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, ठरवूनच टाकलंत.

विमा कंपन्यांचं म्हणाल तर वॉशिंग्टनमध्ये कामावरच्या इजेचा हा विमा खाजगी कंपन्या विकतच नाहीत, राज्याचा फंड आहे, किंवा मोठे मालक भरपाई स्वतः भरतात. गंभीर इजा डॉक्टरांच्या नजरेतूनही सुटतात, त्यावर मी काय वेगळं बोलू.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. फक्त पुढच्या वेळी मी काय लिहिलंय त्यावर बोला, मी कोण नाही त्यावर नको.