अर्ध्या माहितीवर घेतलेली संमती
गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास, गर्भपात कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर, निर्णय सर्वस्वी आईचा असतो, हे लेखातील विधान मला पटले नाही. 24 आठवड्यांनंतर परवानगी वैद्यकीय मंडळाच्या हाती असते, आणि गंभीर कशाला म्हणायचे याची यादी कायद्यात नाही.

त्याआधीच्या काळातही आईच्या हाती किती असते? माझ्या धाकट्या बहिणीला 19 व्या आठवड्यात गर्भाला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात बदल, ज्यामुळे बौद्धिक वाढ मंदावते) असल्याचे निदान कळले, तेव्हा डॉक्टरांनी हृदयदोषाची शक्यता आणि गर्भपाताची तारीख एवढेच सांगितले. अशी मुले शाळेत जातात, त्यांच्या पालकांना भेटता येते, हे कोणीही सुचवले नाही. तिने गर्भपात केला, आणि त्याबद्दल तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही असे मी आजही मानते. परंतु त्या संमतीला तिची निवड म्हणायला माझे मन धजत नाही.