फोन कपाटात, स्टिकर ग्रुपवर

‘पालकांनो सावधान! गेम खेळणारी मुलंच सायबर बुलिंग करतात. आजच मोबाईल काढून घ्या.’ हा ऑनलाइन छळाबद्दलचा मेसेज नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हणून मी गप्प होते. पण सिडकोतल्या माझ्या ताईने तो वाचला आणि सातवीतल्या पोराचा फोन बंद करून कपाटात टाकला.

त्याच मेसेजात पुढे म्हणे, डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) गेमिंगला आजार ठरवलंय. अर्धं खरं. आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण लक्षणं कोणती? खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, तेही साधारण १२ महिने. दुसऱ्याला छळणं त्यात कुठेच नाही.

‘कलम ६६अ खाली आईबापांना तुरुंग’ अशीही धमकी आहे. आयटी कायद्यातलं ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. असो.

मला चीड आली ती ‘मोबाईल काढला की प्रश्न मिटला’ या वाक्याची. माझा भाचा कुणाला छळत नव्हता, त्यालाच छळत होते. पांडवलेणीच्या सहलीत वडापाव खाताना कुणीतरी त्याचा फोटो काढला, त्याचं स्टिकर झालं. वर्गाच्या ग्रुपवर कुणी गृहपाठ विचारला तरी खाली याचं उघडं तोंड! सुरुवात गेममध्येच झाली, हे मान्य. फ्री फायर मॅक्समध्ये याच्यामुळे स्क्वॉड, म्हणजे याची टीम, हरली, माईकवर शिव्या पडल्या, आणि तेच भांडण दुसऱ्या दिवशी वर्गात आलं. रात्री अकरापर्यंत माईक लावून खेळू द्यायचं का, हे ताईने जरूर बघावं.

पण तीन आठवडे तो बोलला का नाही? “सांगितलं असतं तर आईने फोन काढून घेतला असता, मावशी.” आणि न सांगताही तेच झालं! स्टिकर बाकीच्यांच्या फोनवर फिरतच होतं, फक्त याला दिसेनासं झालं.

अशा वेळी आधी स्क्रीनशॉट घ्यायचे, तारीख आणि नंबर दिसेल असे. मग वर्गशिक्षक. तिथे दाद लागली नाही तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल.

चार दिवसांनी आम्ही फोन चार्ज करून ग्रुप उघडला. मधल्या दिवसांतले बरेच मेसेज पाठवणाऱ्यांनी डिलीट केले होते. आधीची तीन स्टिकर तेवढी उरली होती. तीच घेऊन ताई सोमवारी शाळेत गेली.