फॅसिझम डावा की उजवा? ‘गिरगावकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गिरगावकर, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फॅसिझमला ‘अतिउजवा’ म्हणणं ही डाव्या प्राध्यापकांची चलाखी आहे. हिटलरच्या पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ आहे, इटलीत फॅसिझम उभा करणारा हुकूमशहा मुसोलिनी आधी समाजवादी मुखपत्राचा संपादक होता, ‘हे डाव्यांचं शतक’ असं त्यानेच लिहून ठेवलंय. आणि डावं म्हणजे जास्त सरकार, उजवं म्हणजे कमी सरकार, मग वाद कसला?

आधी ते अवतरण घेतो. १९३२ साली इटालियन विश्वकोशात मुसोलिनीच्या नावाने फॅसिझमवर लेख आला, त्यातलं हे वाक्य. मूळ शब्द आहे ‘देस्त्रा’, म्हणजे उजवा. डाव्याला इटालियनमध्ये ‘सिनिस्त्रा’ म्हणतात. १९३०च्या दशकातल्या एका इंग्रजी अनुवादात तिथे ‘लेफ्ट’ पडलं आणि तीच चूक आजतागायत फॉरवर्ड होत आली. मुळात तो म्हणतो की हे शतक अधिकारसत्तेचं, उजव्यांचं, फॅसिस्ट शतक आहे. जून १९२१ मध्ये संसदेतल्या पहिल्याच भाषणाच्या सुरुवातीला त्याने ‘अतिउजव्या बाकांवरून’ बोलत असल्याचा उल्लेख केला होता. आपण कुठे बसलोय हे त्याला ठाऊक होतं.

नावाचं म्हणाल तर घरचंच उदाहरण घ्या. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ प्रमाणे नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडचे सगळेच नोंदणीकृत पक्ष समाजवादी. भाजपने तर १९८० साली ‘गांधीवादी समाजवाद’ आपणहून स्वीकारला होता. आता बोला. नाझींच्या १९२०च्या पंचवीस कलमी कार्यक्रमात सतरावं कलम होतं: सार्वजनिक कामासाठी विनामोबदला जमीन काढून घेण्याचं. जमीनदार बिचकले, तेव्हा एप्रिल १९२८ मध्ये हिटलरने त्याला खुलासा जोडला: पक्ष खासगी मालमत्ता मानतो, रोख आहे तो जमिनीचा सट्टा करणाऱ्या ज्यू कंपन्यांवर. पाटी तीच राहिली, आतला माल बदलला.

मुसोलिनीचा भूतकाळ खरा आहे. पण १९१४ मध्ये युद्धात उतरायचं की नाही यावरून समाजवादी पक्षाने त्याला काढून टाकलं. १९१९ मध्ये मिलानमध्ये काढलेल्या फॅसिस्टांच्या पहिल्या जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मत, युद्धातल्या नफ्यावर ८५ टक्के टाच, असं बरंच डावं सामान होतं. त्यावर त्याच वर्षीच्या निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. फॅसिझम फोफावला तो पुढच्या दोन वर्षांत, उत्तर इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात. तिथल्या बड्या जमीनदारांनी पैसा पुरवला आणि फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यांतल्या टोळ्यांनी शेतमजूर संघटनांची आणि सहकारी संस्थांची कार्यालयं जाळली. १९२१ साली ३५ जागा आल्या त्या यानंतर.

आता ‘जास्त सरकार म्हणजे डावं’ हे तुमचं गणित. दादर पूर्व की पश्चिम हे रुळांवरून ठरतं. रूळ हलवले की पत्ताच बदलतो, आणि तुम्ही रूळ हलवलेत. १७८९ साली फ्रान्सच्या सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे आणि विरोधक डावीकडे बसू लागले, तिथून ही भाषा आली. भांडण होतं उतरंड टिकवायची की मोडायची याचं. सरकारच्या आकाराची पट्टी लावली तर कोणी कुठे राहायचं इथपर्यंत ठरवणारी पेशवाई डावी ठरेल. समाजवाद्यांवर १८७८ मध्ये बंदी घालून १८८३ मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा देणारा जर्मन चॅन्सेलर बिस्मार्कही डावा ठरेल.

उतरंड टिकली की मोडली हे ताडायला मी आधी कामगार संघटनेचं काय झालं ते बघतो. जर्मनीत नाझींनी १ मे १९३३ ही भरपगारी सुट्टी जाहीर केली, मोठमोठे मेळावे भरवले, आणि २ मेच्या सकाळी देशभरातल्या कामगार संघटनांची कार्यालयं ताब्यात घेतली. जानेवारी १९३४ च्या कायद्याने कारखान्याचा मालक ‘नेता’ झाला आणि कामगार त्याचे ‘अनुयायी’. हे शब्द खुद्द कायद्यातले. इटलीत हेच काम १९२६ च्या कायद्याने केलं. कागदावर बंदी कामगारांच्या संपावरही होती आणि मालकांच्या टाळेबंदीवरही, पण पुढच्याच वर्षी कापली गेली ती मजुरी.

एवढ्यावर मात्र निकाल देऊ नये. संपाला वेसण घालणारं विधेयक मुंबई प्रांतात १९३८ साली काँग्रेस सरकारनेही आणलं होतं, आणि त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर उतरले. सोव्हिएत रशियातही मोकळा संप नव्हताच. म्हणून पुढचा प्रश्न मालकीचा. रशियात कारखानदार हा वर्गच उरला नाही. जर्मनीत क्रुप या बड्या उद्योगघराण्याचा पोलाद-शस्त्रांचा कारखाना अखंड एकाच वारसाकडे जावा म्हणून १९४३ मध्ये, ऐन युद्धात, हिटलरने खास फर्मान काढलं.

इथे तुमची एक दुरुस्ती मान्य. ‘फॅसिस्टांनी उद्योगपतींना मोकळं रान दिलं’ हे माझं आधीचं वाक्य चुकीचं होतं. सुरुवातीला मुसोलिनीने आयुर्विम्याची सरकारी मक्तेदारी मोडली, टेलिफोन खासगी कंपन्यांना दिले. पण १९३३ मध्ये बुडत्या बँकांकडचे उद्योगांचे शेअर सरकारी संस्थेकडे घेतले. नाझींनी १९३६ पासून किमती बांधून दिल्या आणि पोलाद कंपन्या कुरकुरल्या तेव्हा हिटलरचा उजवा हात गोरिंग याच्या नावाने सरकारी कारखाना उभा केला. तेव्हा ते वाक्य आता असं केलंय: मालकी मालकाची, नफाही त्याचाच, हुकूम मात्र राज्याचा. खुल्या बाजारवाल्या उजव्यांच्या घरात फॅसिझम बसत नाही, हे तुमचं बरोबर आहे. उजवीकडे एकच घर नाही, इतकंच.

स्टालिनला मी डावीकडेच ठेवतो. त्याची क्रूरता बघून त्याला हळूच उजवीकडे सरकवणारे माझे मित्र आणि तुम्ही एकच चूक करता. जुलूम मोजायचा तर दुसरी, उभी रेघ आखा. तिच्यावर स्टालिन आणि हिटलर शेजारी बसतील. आणि २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध मत देणारे ९४ सोशल डेमोक्रॅट, समाजवादीच की, त्यांच्यापासून पार लांब असतील.

जाता जाता, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत. नोव्हेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या वाहतूक कामगारांच्या संपात नाझी आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे होते. निवडणूक तीन दिवसांवर होती आणि दोघांनाही कामगारांची मतं हवी होती. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला, फेब्रुवारी १९३३ च्या अखेरीस राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली, आणि त्याच रात्री त्या संपातल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूची धरपकड सुरू केली.